पॉज, स्टॉप आणि कर्सर: ध्वनिमुद्रण करताना कोणती कळ केव्हा वापरावी?

वाचनस्वर यांचा प्रश्न

नमस्कार.

मी दीर्घ लेखांचे आणि पुस्तकांतील प्रकरणांचे अभिवाचन ध्वनिमुद्रित करतो आणि त्यासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरतो. मायक्रोफोन, खोली आणि आवाजाची पातळी यांची घडी आता नीट बसली आहे. माझे प्रश्न केवळ मुद्रण सुरू करणे, थांबवणे आणि ऐकलेल्या जागेवर परत येणे यांविषयी आहेत, कारण प्रत्यक्ष वाचनापेक्षा अधिक वेळ त्यातच जातो.

पहिला प्रश्न असा. झालेले मुद्रण ऐकत असताना चुकलेला शब्द कानावर आला की मी स्पेस दाबून थांबतो. पण थांबताच कर्सर त्या शब्दापाशी न राहता, जिथून ऐकायला सुरुवात केली होती तिथेच दिसतो आणि चुकीची जागा वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या लहरींच्या चित्रात, पुन्हा शोधावी लागते. त्याऐवजी पॉज वापरला तर जागा टिकते, परंतु कापणे, पुसणे, इफेक्ट देणे या आज्ञा मेनूत फिकट झालेल्या असतात. जागाही टिकेल आणि लगेच संपादनही करता येईल, असा मार्ग आहे का?

दुसरा प्रश्न मुद्रण चालू असतानाचा आहे. एखाद्या वाक्यात अडखळलो की मी स्टॉप करतो आणि पुन्हा रेकॉर्ड दाबतो, तेव्हा नवे वाचन ट्रॅकच्या शेवटाला जोडले जाते आणि अडखळलेले वाक्य मागे तसेच राहते. अशी वाक्ये नंतर एकेक करून कापावी लागतात. चुकीच्या आधीच्या विरामापर्यंत मागे जाऊन तिथूनच पुढे मुद्रण करता येते का?

शेवटचा प्रश्न लहान आहे. माउसच्या क्लिकचा आवाज माझ्या मायक्रोफोनमध्ये स्पष्ट येतो, त्यामुळे हे सारे केवळ कळफलकावरून जमले तर फार बरे होईल.

तिसरा_ट्रॅक यांचे उत्तर

नमस्कार. आपल्या पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो: थांबताना स्पेसऐवजी एक्स ही कळ दाबा. स्पेसने ऑडॅसिटी थांबते आणि कर्सर मूळ जागी राहतो. एक्सने ती थांबते आणि कर्सर थांबलेल्या जागी आणून ठेवते. थांबलेली अवस्था ही खरी स्टॉपची अवस्था असल्यामुळे संपादनाच्या सर्व आज्ञाही लगेच उपलब्ध असतात.

हे असे का आहे, ते समजून घेतल्यास पुढचे पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन हे फितीवर मुद्रण करणारे यंत्र मांडले आणि पुढे कित्येक दशके ध्वनिमुद्रण म्हणजे चुंबकीय फीत असेच समीकरण होते. फितीच्या यंत्रात जागा एकच असते: फितीचा जो भाग हेडसमोर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागासमोर, आहे, तीच जागा. यंत्र थांबवले की फीत तिथेच थांबते, आणि मागे जायचे असेल तर ती उलटी गुंडाळावी लागते. प्ले, स्टॉप, पॉज, रेकॉर्ड आणि मागे-पुढे नेणारी बटणे आपण संगणकावर जशीच्या तशी घेतली, त्यांवरचे त्रिकोण, चौकोन आणि दोन उभ्या रेषाही घेतल्या, त्यामुळे ती यंत्राप्रमाणेच वागतील अशी अपेक्षा मनात सहज तयार होते.

संगणकात मात्र जागा दोन असतात. एक जागा आपण ठेवलेल्या कर्सरची आणि दुसरी प्लेबॅक चालू असताना पुढे सरकणाऱ्या प्लेहेडची. पुस्तकात ठेवलेली खूण आणि ओळीवरून फिरणारे बोट यांत जो फरक आहे, तोच फरक या दोहोंत आहे. प्ले म्हटले की प्लेहेड कर्सरपासून निघतो, आणि स्टॉप म्हटले की तो नाहीसा होतो, पण खूण हलत नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकून पारखायचे असेल तेव्हा हीच पद्धत सोयीची असते, कारण दर वेळी त्याच जागेपासून ऐकता येते. दोष शोधत संपूर्ण प्रकरण ऐकायचे असेल तेव्हा मात्र खूण बोटाच्या जागी आणणारी कळ हवी, आणि ती एक्स.

पॉजचा प्रकार याहून वेगळा आहे. पॉज केल्यावर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने प्लेबॅक किंवा मुद्रण चालूच असते. ध्वनीचा प्रवाह उघडा असतो, साउंड कार्ड अडवलेले असते आणि केवळ पुढे सरकणे थांबलेले असते. म्हणूनच त्या अवस्थेत मायक्रोफोन किंवा स्पीकरची निवडही बदलता येत नाही. नव्या आवृत्त्यांत काही आज्ञा दिल्यास ऑडॅसिटी स्वतःच आधी स्टॉप करते, परंतु त्यावर विसंबून राहू नये असे मला वाटते. पाणी पिण्यासाठी, पान उलटण्यासाठी किंवा बाहेरचा आवाज सरेपर्यंत थांबायचे असेल तर पॉज योग्य. मुद्रणाला हात लावायचा असेल तर स्टॉप.

हीच निवड इतर सॉफ्टवेअरांतही असते, केवळ ती वेगळ्या ठिकाणी दडलेली असते. प्रो टूल्समध्ये ‘इन्सर्शन फॉलोज प्लेबॅक’ हा पर्याय चालू असेल तर थांबल्यावर कर्सर थांबलेल्या जागी राहतो, बंद असेल तर सुरुवातीच्या जागी. क्यूबेसमध्ये ‘रिटर्न टू स्टार्ट पोझिशन ऑन स्टॉप’ असा पर्याय आहे. एबलटन लाइव्हमध्ये स्पेसने सुरुवातीच्या खुणेपासून आणि शिफ्ट व स्पेस एकत्र दाबल्यास थांबलेल्या जागेपासून प्लेबॅक सुरू होतो. नवे सॉफ्टवेअर हाती घेतल्यावर मी सर्वांत आधी हा एकच पर्याय शोधतो.

शांत_खोली यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. आपण जे वर्णन केले आहे त्याला अभिवाचनाच्या क्षेत्रात पंच अँड रोल म्हणतात, आणि ऑडॅसिटीत ही सोय २०१८ साली आलेल्या २.३.० या आवृत्तीपासून आहे. तिची कळ शिफ्ट आणि डी ही आहे.

कृती अशी करावी. वाचताना अडखळलात की स्टॉप करा. कर्सर चुकलेल्या शब्दावर न ठेवता त्याच्या आधीच्या स्वल्पविरामाच्या किंवा पूर्णविरामाच्या शांत जागेत ठेवा. मग शिफ्ट आणि डी दाबा. ऑडॅसिटी कर्सरच्या आधीची ५ सेकंदे ऐकवते आणि कर्सरपाशी पोहोचताच थांबा न घेता मुद्रण सुरू करते. ही ५ सेकंदे म्हणजे प्री-रोल; प्रेफरन्सेसमधील रेकॉर्डिंगच्या पानावर तो कमी-अधिक करता येतो. त्याच पानावर जोडाचा क्रॉसफेड दिलेला असतो, तो मुळात १० मिलिसेकंदांचा असतो आणि त्यामुळे जुना व नवा भाग एकमेकांत मिसळतात.

या पद्धतीचे खरे मोल वेळ वाचण्यात आहेच, पण माझ्या मते त्याहून अधिक ते आवाजाच्या सातत्यात आहे. आपलाच आवाज, त्याच लयीत, त्याच पट्टीत कानात येत असतो आणि त्याच्यासोबत मनातल्या मनात वाचत आपण वाक्यात शिरतो, त्यामुळे जोड ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. नुसते थांबून पुन्हा सुरुवात केली तर पहिला शब्द बहुधा चढा लागतो. तसे होऊ नये म्हणून प्री-रोलच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांसोबत ओठ हलवून पाहावेत. श्वास आपोआप योग्य ठिकाणी घेतला जातो.

दोन गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात. प्री-रोल ऐकण्यासाठी बंद कपांचा हेडफोनच वापरावा, कारण स्पीकरवर ऐकल्यास आधीच्या वाक्याचा खोलीत रेंगाळणारा आवाज नव्या मुद्रणाच्या आरंभी मायक्रोफोनमध्ये शिरतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: ऑडॅसिटीत पंच अँड रोल सुरू केल्यावर त्या ट्रॅकवरील कर्सरच्या उजवीकडचे मुद्रण काढून टाकले जाते. मुद्रण चालू असताना, म्हणजे उजवीकडे केवळ चुकलेले वाक्य असताना, तेच अपेक्षित असते. परंतु पूर्ण झालेल्या प्रकरणाच्या मध्यावर ही कळ दाबली तर पुढचे सगळे जाईल. तसे घडल्यास लगेच अनडू करावे, मुद्रण परत मिळते. मात्र पूर्ण झालेल्या मुद्रणातील दुरुस्तीसाठी हे साधन नाही, हे ध्यानात ठेवावे.

एकसूर यांचे उत्तर

पंच अँड रोल उत्तम आहे, परंतु प्रत्येक वाचकाला तो मानवतोच असे नाही, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. कथेतील संवाद वाचताना, विशेषतः पात्रांच्या आवाजांत भेद ठेवायचा असेल तेव्हा, दर चुकीला थांबण्याने भाव तुटतो. अशा मजकुरासाठी मी मुद्रण थांबवतच नाही. अडखळल्यावर क्षणभर शांत राहतो, कंट्रोल आणि एम या कळांनी त्या जागी लेबल, म्हणजे एक खूण, टाकतो, एंटर दाबतो आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचतो. लेबल मुद्रण चालू असतानाही टाकता येते.

एंटर दाबणे विसरू नये. लेबल तयार झाले की त्यात मजकूर लिहिण्याची जागा उघडलेली असते आणि त्यानंतर दाबलेली प्रत्येक कळ लेबलातच उमटते. स्पेस दाबली तरी मुद्रण थांबत नाही, लेबलात एक रिकामी जागा तेवढी वाढते. ‘स्पेस चालत नाही’ अशी तक्रार जिथे जिथे येते, तिथे बहुतेक वेळा फोकस अशाच एखाद्या मजकुराच्या चौकटीत अडकलेला असतो.

वाचन संपल्यावर आल्ट आणि उजवा बाण यांनी एका लेबलावरून पुढच्या लेबलावर जाता येते. तिथे चुकलेला भाग निवडावा, पण तो लगेच पुसू नये. आधी सी ही कळ दाबावी. ती निवडलेला भाग वगळून त्याच्या आधीची २ सेकंदे आणि नंतरचे १ सेकंद सलग ऐकवते, म्हणजे भाग कापल्यावर वाक्य कसे ऐकू येईल ते प्रत्यक्ष कापण्याआधीच कळते. श्वास दोनदा येतो आहे का, विराम फार आखूड झाला आहे का, हे याच वेळी कानाने ठरवावे. संपादनाच्या सर्व कळांत मला ही कळ सर्वांत मोलाची वाटते आणि तिचा उल्लेख फारच क्वचित होतो, याचे आश्चर्य वाटते.

पूर्ण झालेल्या प्रकरणातील एखादे वाक्य पुन्हा वाचायचे असेल तर शिफ्ट आणि आर या कळांनी नव्या ट्रॅकवर मुद्रण करावे, कारण नुसत्या आर या कळेने नवे वाचन निवडलेल्या ट्रॅकच्या शेवटाला जोडले जाते. त्याआधी मूळ मुद्रणातील मागची दोन-तीन वाक्ये ऐकून घ्यावीत आणि ती वाक्येही नव्या ट्रॅकवर वाचून मगच हव्या त्या वाक्यात शिरावे. मग तेवढे वाक्य उचलून मूळ जागी बसवावे.

कळफलक यांचे उत्तर

मी स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, साहाय्याने ध्वनिमुद्रण करतो, त्यामुळे माउसविना काम हा माझा रोजचा विषय आहे, आणि आपल्या तिसऱ्या प्रश्नाला मी थोडे अधिक सविस्तर उत्तर देऊ इच्छितो.

प्लेबॅक चालू असताना डावा आणि उजवा बाण प्रत्येक वेळी १ सेकंद मागे-पुढे नेतात, आणि शिफ्टसह तेच बाण १५ सेकंदे नेतात. हे दोन्ही अवधी प्रेफरन्सेसमध्ये बदलता येतात. होमने आरंभी आणि एंडने शेवटी जाता येते. एवढ्यावर ऐकण्याचे काम भागते. निवडीसाठी मात्र चौकटी कंस वापरायला शिकावे. प्लेबॅक चालू असताना डावा चौकटी कंस दाबला की त्या क्षणी निवडीची सुरुवात ठरते आणि उजवा दाबला की तिचा शेवट ठरतो. म्हणजे चुकीचा भाग डोळ्यांनी वेव्हफॉर्ममध्ये शोधण्याऐवजी, ऐकता ऐकता कानाने निवडता येतो. यानंतर वर सांगितलेली सी ही कळ आणि मग डिलीट, असा क्रम हाताला बसला की माउसकडे हात जातच नाही. डोळस वापरकर्त्यांनीही हे करून पाहावे, असे मी आग्रहाने सुचवतो, कारण वेव्हफॉर्मकडे पाहत राहिल्याने लक्ष ऐकण्यावरून उडते.

पंच अँड रोलसाठीही माउस लागत नाही. स्टॉप केल्यावर चुकीच्या थोडे आधी जाऊन प्ले करावे, विराम आला की एक्स दाबावे आणि लगेच शिफ्ट व डी दाबावे. कर्सर कानाने निवडलेल्या जागी आलेला असतो.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: मुद्रण सुरू करण्यापूर्वी एनव्हीडीए आणि एस या कळांनी त्याचे बोलणे तात्पुरते बंद करावे, नाहीतर वाचताना कानात दोन आवाज येतात. जे रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर वापरतात त्यांच्यासाठी ओसारा हे मुक्त स्रोत असलेले पूरक सॉफ्टवेअर आहे आणि त्यामुळे रीपरमधील हालचालींची माहिती स्क्रीन रीडरला मिळते.

षड्ज यांचे उत्तर

प्रश्न अभिवाचनाचा असला तरी गायन-वादन मुद्रित करणारेही हा धागा वाचतील, म्हणून रीपरमधील दोन गोष्टी जोडतो. रीपरमध्ये आर ही कळ मुद्रण सुरू करत नाही, तर रिपीट चालू-बंद करते. मुद्रणासाठी कंट्रोल आणि आर या कळा आहेत, आणि त्याआधी ट्रॅक मुद्रणासाठी आर्म केलेला, म्हणजे सज्ज ठेवलेला, असावा लागतो. फितीच्या अनेक यंत्रांत रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणे एकत्र दाबल्याशिवाय मुद्रण सुरू होत नसे, जेणेकरून चुकून फीत पुसली जाऊ नये. आर्म करण्याची पायरी तेच काम करते.

मधल्या चार ओळीच पुन्हा गायच्या असतील तर तेवढा काळ निवडून मुद्रणाची पद्धत ‘टाइम सिलेक्शन ऑटो पंच’ अशी ठेवावी. मग आपण कितीही आधीपासून गात आलो तरी मुद्रण निवडलेल्या काळापुरतेच होते. जुने गायनही पुसले जात नाही; ते आधीचा टेक, म्हणजे आधीच्या वेळचे मुद्रण, म्हणून खाली राहते. रिपीट चालू ठेवल्यास प्रत्येक फेरीचा वेगळा टेक होतो आणि त्यांतून उत्तम तो निवडता येतो.

प्री-रोल आणि काउंट-इन यांत गल्लत करू नये. प्री-रोलमध्ये आधीचे संगीत ऐकू येते, काउंट-इनमध्ये केवळ मेट्रोनोमचे ठोके पडतात. गाण्याच्या मध्यात शिरताना सुराची जाण हवी असते, म्हणून मी नेहमी प्री-रोलच घेतो.

आपला आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल तर दोष बहुधा बफरचा, म्हणजे संगणक एका वेळी साठवून हाताळतो त्या ध्वनीच्या तुकड्याचा, असतो. ४४,१०० हर्ट्झवर ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे एका दिशेलाच सुमारे ११.६ मिलिसेकंद, आणि येणे-जाणे मिळून विलंब आणखी वाढतो. मुद्रणाच्या वेळी बफर लहान ठेवावा, मिश्रणाच्या वेळी मोठा.

वाचनस्वर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक्स ही कळ आणि चौकटी कंस यांनी ऐकण्याच्या कामाचे स्वरूपच बदलले आहे. वर्णनपर मजकुरासाठी पंच अँड रोल आणि संवादांसाठी लेबल, अशी विभागणी मला योग्य वाटते आहे. एकच शंका उरली आहे: पंच अँड रोलच्या काही जोडांवर अगदी बारीक ‘टिक्’ असा आवाज येतो. क्रॉसफेड असूनही असे का व्हावे?

शांत_खोली यांचे उत्तर

बहुधा अशा जोडांवर कर्सर पूर्ण शांततेत नसून एखाद्या अक्षराच्या शेवटच्या स्पंदनावर किंवा श्वासाच्या मध्यावर पडलेला असतो. दोन्ही बाजूंचे ध्वनी फार वेगळे असतील तर १० मिलिसेकंदांत ते नीट मिसळत नाहीत. कर्सर ठेवल्यावर झेड ही कळ दाबून पाहा. तिने तो जवळच्या अशा बिंदूवर सरकतो जिथे ध्वनिलहर शून्यरेषा ओलांडते. तरीही टिक् येत राहिला तर क्रॉसफेड २० ते ३० मिलिसेकंदांपर्यंत वाढवा. त्याहून अधिक वाढवल्यास मागच्या शब्दाचा शेवट पुसट होऊ लागतो, विशेषतः वाक्याच्या अखेरीस ‘त’ किंवा ‘क’ असेल तेव्हा. तसेच शिफ्ट आणि डी दाबताना कळफलक मायक्रोफोनपासून दूर आहे ना, तेही पाहा. प्री-रोलची ५ सेकंदे असल्यामुळे त्या कळांचा आवाज मुद्रणात येत नाही, पण स्टॉपच्या कळेचा आवाज आधीच्या मुद्रणाच्या शेवटी असतो, आणि कर्सर त्याच्या उजवीकडे ठेवला गेला तर तोच टिक् म्हणून जोडावर ऐकू येतो.